देवीपुढे महिपतने सांगितलेलं

शिमग्याची पालखी आप्पा मास्तरांच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात टेकली. वाडीचं गाऱ्हाणं दरवर्षी आप्पाच घालत. देवीकडे मागणं त्यांनी मांडायचं आणि सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हणत ते उचलून धरायचं.

आप्पांच्या बायकोने, सावित्रीने, त्यांना सकाळीच बजावलं होतं, "सुनेच्या कुशीचा दोष जाऊ दे, असं मोठ्यानं सांगा. यंदाही नाय झालं, तर पाली गावची दुसरी मुलगी बघून ठेवलीय मी." दाराआडून सुनेने, मथुरेने, ते ऐकलं होतं.

आप्पांनी हात जोडले, तोच मुंबईहून आलेला त्यांचा मुलगा महिपत पुढे झाला.

"आप्पा, मथुरेचं नाव घेऊ नका. दोष माझ्यात आहे."

"काय बडबडतोस रे!" सावित्री कडाडली. "डॉक्टरनं तपासलंन् ना तुला? बीज भरपूर आहे म्हणालान्."

"भरपूर आहे गो आये, पण चालत नाय. मुंबईच्या इस्पितळात नवं यंत्र आलंय. थेंबातलं सगळं टीव्हीवर दिसतं आणि कॉम्प्युटर एकेकाच्या मागे रेघ ओढत जातो. कोण किती वेगात गेला, सरळ गेला की नाय, सगळं कळतं. माझे बहुतेक जागच्या जागी गरगरत होते. बाकीचे ढिम्म."

"तुझ्यावरच गेलेत," गर्दीतून वाडीतला धाकूकाका म्हणाला. "तू तरी हाक मारल्याशिवाय कधी उठलास?"

हशा पिकला. महिपतही हसला. "माझेच ते, काका."

"औषध आहे?" आप्पांनी विचारलं.

"चालू केलंय. गुण येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण आजपासून मथुरेला बोल नको."

मुंबईहून येताना पोरं घड्याळं आणत, रेडिओ आणत. चारचौघांत असं बोलायची छाती कुणी आणली नव्हती. आप्पांनी पुन्हा हात जोडले. त्यांनी खणखणीत आवाज लावला, "हे आई, माझ्या मुलाच्या बीजाला चाल दे! सुनेला उगाच दोष दिला, तो आम्हां घरच्यांना माफ कर!"

बाप्ये एकमेकांकडे बघत राहिले. मग धाकूकाका ओरडला, "होय महाराजा!" आणि सगळं खळं दुमदुमलं.

सावित्री तेवढी गप्प होती.

शाळेत पोराचा पाढा चुकला, की आप्पा न चिडता पहिल्यापासून म्हणवून घेत. तसं त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं, बायकोकडे बघत.

"होय महाराजा," सावित्री पुटपुटली. मग पदराने डोळे पुसून दाराकडे वळली.

"मथुरे, ये गो बाहेर. देवीची ओटी तू भर."