रशियन राजदूताने खलिता घेतला

रशियाने लिथुआनिया गिळला तेव्हा आमचे हे उरुग्वेच्या राजधानीत, मोंतेविदेओमध्ये, लिथुआनियाचे राजदूत होते. देश गेला, राजदूत राहिले. उरुग्वेच्या सरकारने तो कब्जा मान्य केला नाही, त्यामुळे इथून यांना कुणी काढेना. आणि तिकडे आपलं सरकारच उरलं नाही, मग बदली तरी कोण करणार? बाकीचे राजदूत आले, गेले. पंधरा वर्षांत हे सगळ्यांत जुने होऊन बसले. सरकारी समारंभात राजदूत ज्येष्ठतेने उभे राहतात. म्हणजे रांगेत पहिले आमचे हे.

दरवर्षी हे रशियन वकिलातीला निषेधाचा खलिता पाठवत: तुम्ही आमचा देश जबरदस्तीने बळकावलाय, तो सोडा. दरवर्षी पाकीट न फोडता परत यायचं.

त्या वर्षी गाव्रिलिन नावाचा नवा रशियन राजदूत आला. पंचवीस ऑगस्टला उरुग्वेचा स्वातंत्र्यदिन; त्याच्या आधी परराष्ट्र खात्यातले एचेवेर्री आमच्या घरी आले. मी माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, पुढे केला. नळीने दोन घोट ओढून ते म्हणाले, "पोविलाससाहेब, तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत."

"नाही, म्हणजे... पंचवीस तारखेला जरा ताप आला तर?"

"माझ्या अंगात ताप आणायला मी काय शाळकरी पोर आहे?"

एचेवेर्री रडकुंडीला आले. "साहेब, गाव्रिलिन म्हणतात, तुम्ही पहिले उभे राहिलात तर ते येणारच नाहीत. माझी नोकरी जाईल हो!"

हे विचारात पडले. मग एकदम गोड हसले. "बरं. मी पहिला उभा राहत नाही. शेवटी राहतो. शब्द दिला."

एचेवेर्रींनी यांचे दोन्ही हात धरून आभार मानले. ते गेल्यावर मी विचारलं, "अहो, डोक्यात काय शिजतंय?"

"स्तेफानिया, नवा राजदूत कुठे उभा राहतो?"

"शेवटी," मी म्हटलं, आणि कपाळाला हात लावला.

पंचवीसला आम्ही बायका सज्जात होतो. खाली हे गाव्रिलिनच्या खांद्याला खांदा लावून उभे. गाव्रिलिन जाडजूड, घामाघूम. बिचाऱ्याला शेजारचा म्हातारा कोण हे ठाऊकच नव्हतं. पहिल्या जागेवर हे दिसले नाहीत, एवढ्यावर तो खूश. हे अस्खलित रशियनमध्ये त्याच्याशी गप्पा मारत होते. नंतर कळलं, विषय मुळव्याधीचा होता. दोघांनाही तो त्रास.

राष्ट्राध्यक्ष जवळ आले, मागोमाग छायाचित्रकार. खिशातून एक पाकीट काढत हे एकदम वाकले. "अरेच्चा, बुटाची नाडी! भाऊ, एवढं धरता का जरा?"

गाव्रिलिनने पाकीट धरलं. दिवे लखलखले. हे सरळ झाले आणि राष्ट्राध्यक्षांना खणखणीत स्पॅनिशमध्ये म्हणाले, "लिथुआनियाचा राजदूत पोविलास द्रुंगिस. आमचा निषेध आज रशियाच्या राजदूतांनी स्वहस्ते स्वीकारला."

गाव्रिलिन बीटाच्या सारासारखा लाल झाला. पाकीट परत द्यायला गेला, तर हे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे! राष्ट्राध्यक्षांनी रुमालात तोंड खुपसून खोकला काढला. एचेवेर्री खांबाला टेकले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. सेर्रो वस्तीतल्या आमच्या लिथुआनियन लोकांनी, खाटीकखान्यात राबणाऱ्या त्या दांडग्या माणसांनी, यांना खांद्यावर घेऊन सभागृहात नाचवलं. एचेवेर्रींची नोकरी शाबूत राहिली. गाव्रिलिनला मात्र महिन्याभरात मॉस्कोने परत बोलावलं.

ते कळलं तेव्हा हे जेवत होते. चमचा खाली ठेवला.

"त्याला काही करणार तर नाहीत ना गं?"

"तुम्हाला त्याची काळजी?"

"माणूस वाईट नव्हता. शेकायचा चांगला उपाय सांगितला त्याने मला."

मग मी म्हटलं, "खलिता तरी पोचला."

"पोचला," ते म्हणाले. "पण वाचला असेल का कुणी?"

मी त्यांच्या पानात आणखी एक बटाटा वाढला, आणि आम्ही जेवण संपवलं.