शिवलेले डोळे

सगळ्यात बारीक सुई पुन्हा जागेवर नव्हती, आणि शिंपीणबाईचा पारा चढला. गिऱ्हाइकाचा रेशमी कोट मशीनवर अर्धवट पडलेला, संध्याकाळी तो न्यायला येणार, आणि अस्तराची हातशिलाई तशीच राहिलेली. तिने डबा उलटा केला. काळ्या रेशमी दोऱ्याचं रीळही गायब.

घरात या वस्तूंना हात लावणार कोण? नवरा बस चालवायचा. बटण तुटलं तर पिन टोचून आठवडा काढणारा तो माणूस. सासूबाईंना चष्मा लावूनही सुईचं भोक दिसत नसे. राहिले सासरे.

सासऱ्यांचा मुक्काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. जन्मभर छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, आता रिकामं बसवत नव्हतं. पाखरांचं वेड मात्र पहिल्यापासूनचं. उजाडताच जाळं घेऊन माळावर जायचे, कबुतरासारखे होले धरून आणायचे, खाणावळवाला ते घेऊन जायचा. त्यापुढचं घरात कोणी बोलत नसे.

"बाबा, माझी सुई..." म्हणत तिने दार ढकललं आणि तिथेच थबकली.

सासऱ्यांच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला होला होता. डोकं डाव्या हाताच्या चिमटीत, उजव्या हातात तिची सुई. पाखराच्या दोन्ही खालच्या पापण्या दोऱ्याने वर ओढल्या होत्या आणि ते दोरे डोक्यावर एकत्र गाठले होते.

"आलीस? बघ, टाका कसा बसलाय. अगदी तुझ्या तोडीचा."

"हे काय चाललंय?"

"डोळे शिवतोय. आधीचा मेला काल." सासरे खुशीत होते. "याला फळीवर बांधायचं. दोरी ओढली की फळी वर जाते, सोडली की खाली येते, आणि हा पंख फडफडवतो. वरून जाणाऱ्या थव्याला वाटतं, आपलाच कोणी दाण्यावर उतरतोय. मग तेही उतरतात. उतरले की जाळं."

"पण डोळे कशाला शिवायचे?"

"दिसलं की बिथरतो ना! माणूस दिसतो, ससाणा दिसतो. काही दिसलंच नाही की गुमान बसतो."

त्यांनी दातांनी दोरा तोडला, सुई धोतराला पुसली आणि तिच्यापुढे धरली. "घे. पुसून दिलीय."

शिंपीणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा जेवायला आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. तो घास चावत राहिला. "आपण मासे खातो तेव्हा?"

"मी खाण्याचं बोलत नाहीये."

"या वयात बाबांना दुसरा विरंगुळा काय आहे? तू दुर्लक्ष कर ना."

"उद्या त्यांना कंटाळा आला आणि माझे डोळे शिवायला घेतले, तरी तू हेच म्हणशील!"

तो ताट उचलून स्वयंपाकघरात गेला. बायकोशी वाद नको म्हणून नव्हे, बापाशी नको म्हणून.

दुपारी सासरे खाणावळीकडे गेले. ती छोटी कात्री घेऊन शेडमध्ये शिरली, तर सासूबाई आधीच होला झाकून ठेवलेल्या पाटीसमोर बसलेल्या.

"मी धरते. तू काप," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लग्न होऊन आले तेव्हाच बघितलं. ओकारी आली मला. ते हसले. मग मी या दारात पाऊल टाकायचंच सोडलं."

"आणि गप्प बसलात."

"बसले," सासूबाई म्हणाल्या. "आता काप."

तिने टाके कापले. एक डोळा उघडला, लालसर, गोल, आणि तो थेट तिच्याकडे बघायला लागला. दुसरी पापणी सुईने फाटली होती. तो डोळा उघडलाच नाही. सासूबाईंनी पाखरू पदरात गुंडाळून घरात नेलं.

मग शिंपीणबाई घरातून कापडाची मोठी कात्री घेऊन आली. त्या कात्रीने कोणी कागद कापला तरी घर डोक्यावर घेणारी बाई, पण आज खिळ्याला टांगलेलं जाळं तिने त्याच कात्रीने उभंआडवं फाडलं.

सासरे आले ते ओरडतच. "माझ्या हातचं विणलेलं जाळं! खाणावळवाल्याला शब्द दिलाय मी!"

"त्याचं नाव पुढे करू नका. त्याला कोंबड्याही चालतात. तुम्ही हे का करता ते सांगा."

नवरा मध्ये पडायला आला. तिने त्याला नुसत्या नजरेनेच बाजूला केलं.

सासरे खाली बसले. जाळ्याचा तुकडा बोटांत कुस्करत म्हणाले, "थवा वळतो ना, तेव्हा... एवढं मोकळं आभाळ सोडून वळतो. मी एक दोरी ओढली म्हणून. छापखान्यात मालकाने घंटा वाजवली की उठलो, वाजवली की बसलो. माळावर माझ्या एका बोटावर सगळं आभाळ हलतं. तुला नाही कळायचं ते."

"कळलं," ती म्हणाली. "चांगलं कळलं, म्हणूनच जास्त संताप येतोय. मालकापुढे तुमचं तोंड उघडलं नाही, आणि त्याचा वचपा तुम्ही या एवढ्याशा जिवावर काढता!"

सासऱ्यांनी माघार घेतली नाही. कुठूनतरी दुसरं जाळं आणलं, दुसरा होला आणला, आणि एका सकाळी माळाची वाट धरली. शिंपीणबाई पातेलं आणि झारा घेऊन मागोमाग निघाली.

त्यांनी दाणे पसरले, फळीवर पाखरू बांधलं आणि काटक्यांच्या आडोशाला बसले. लांबून थवा दिसला. फळी हलली, आंधळ्या पाखराने पंख पसरले, थवा वळला. तशी ती दाण्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पातेलं बडवायला लागली. थवा उधळला आणि पार झाडांपलीकडे गेला.

"घरी जा!" आडोशातून आवाज आला. "लोक काय म्हणतील?"

"या की बाहेर! लोकांना दोघं मिळून सांगू!"

दुसरा थवा आला, तोही उधळला. नवरा ड्यूटीच्या कपड्यांतच धावत आला आणि माळाच्या कडेला "अगं, चल ना," म्हणत उभा राहिला. पुढे यायचा धीर त्याला काही झाला नाही. त्याच्या मागून सासूबाई आल्या, धापा टाकत. मुलाला ओलांडून त्या थेट सुनेपाशी गेल्या. "दे इकडे. तुझा हात भरून आला असेल." आणि त्या झारा घेऊन अशा सुटल्या, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

सासरे आडोशातून उठले. बायकोकडे बघत राहिले. मग मान खाली घालून जाळं गोळा केलं. पाखरू फळीवर तसंच बांधलेलं ठेवून निघाले.

"उद्या पुन्हा येणार मी," जाताजाता म्हणाले.

"या," फळीवरचं पाखरू सोडवत शिंपीणबाई म्हणाली. "आम्हीही येतो."

आले ते. या दोघीही गेल्या. असं काही दिवस चाललं, मग खाणावळवाल्याने होले पुरवायला दुसरा माणूस धरला आणि सासऱ्यांनी शेडला कुलूप घातलं. सुनेशी बोलणं टाकलं ते टाकलंच. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. तिचा राग आता नव्या माणसावर होता. त्याचा माळ कुठला, याची ती कपडे शिवायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडे चौकशी करत होती.