शहाण्यासारखं दुखणं

आमच्या घरी दवाखान्यात जायचं म्हणजे जणू लग्नाला जायचं. इस्त्रीचे कपडे, चापूनचोपून वेणी, तोंडाला पावडर. आधीच आपला रंग हा असा, त्यात अवतार बघून कुणी नाक मुरडायला नको, असं आईचं म्हणणं. तिथं कण्हायचं नाही, आवाज चढवायचा नाही, विचारलं तर हसून सांगायचं. शेजारच्या काकू एकदा तिथं कळ सोसवेना म्हणून ओरडल्या, तर "या काळ्यांची नाटकं फार" म्हणत नर्सनं त्यांना संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून आईचा हा नियम पक्का झाला.

ताईचं पोट कालपासून दुखत होतं. आज तिला सरळ उभंही राहवेना, तरी आईनं तिची वेणी घातली आणि ताईनं वाकल्या वाकल्या लिपस्टिक लावली.

"तिथं फोटो काढणारेत का गं?" मी चिडवलं. ताई हसली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तपासणीच्या खोलीतला डॉक्टर तरुण होता. त्यानं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "किती दुखतंय?"

"खूप," ताई म्हणाली आणि शहाण्यासारखी हसली.

"खूप दुखणारी माणसं अशी नटूनथटून येत नाहीत." त्यानं तिच्या पोटाला दोन बोटं लावल्यासारखी केली. "गॅस असेल. तुम्ही लोक तसे काटक असता. गोळी देतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओरडलं तर नाटकी, गप्प बसलं तर ठणठणीत! मग आम्ही दुखायचं तरी कसं, ते यांनीच एकदा शिकवावं. पण आईनं माझा दंड धरला होता. "थँक्यू डॉक्टर," असं म्हणून ती आम्हाला बाहेर घेऊन आली.

जिन्याजवळ ताई भिंतीला टेकली. "थांबलं गं. एकदम थांबलं दुखायचं."

"बघ, डॉक्टर म्हणाले तसा गॅसच होता." आईचा जीव भांड्यात पडला.

पण ताईचा हात बर्फासारखा गार लागत होता. कपाळावरचा घाम पावडरीतून ओघळत होता. मी तिच्या पोटाला हात लावला तर ते फळीसारखं कडक. पुढच्याच क्षणी ती भिंतीवरून घसरत खाली बसली.

मग मी ओरडले. पोटातून, घसा फाटेपर्यंत ओरडले. "माझी बहीण मरतेय! कुणी माणूस आहे का इथं?"

वॉचमन धावत आला, तो मलाच बाहेर काढायला. "गप गं, लोक बघताहेत," आई रडत म्हणाली.

"बघू देत! त्यासाठीच ओरडतेय!"

गोंगाट ऐकून एक वयस्कर सर्जनबाई चहाचा कप घेऊनच बाहेर आल्या. त्यांनी कप जमिनीवर ठेवला, ताईचं पोट दाबलं आणि माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या, "स्ट्रेचर आणा!"

ताईचं अपेंडिक्स फुटलं होतं. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते बाईंनी सांगितलं नाही. आईनं विचारलंही नाही.

ताई शुद्धीवर येऊन बोलायला लागली, तेव्हा तो तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन वॉर्डात आला. चुकलं वगैरे काही नाही. उलट तिच्या खाटेपाशी थांबून कौतुकानं म्हणाला, "ही बघा, माझी सगळ्यात गुणी पेशंट. पोटात एवढं होऊनही चेहऱ्यावर हसू!"

विद्यार्थी हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ताईनं माझं मनगट धरलं. झालं, आता हीसुद्धा गप्प करणार मला, असं वाटलं.

"थांब, मी बोलते," ताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण नजर त्याच्यावरच होती. "मी गुणी नव्हते, डॉक्टर. मला पोटाच्या दुखण्यापेक्षा तुमची जास्त भीती वाटत होती."