दुपारचे ठोके

पहिल्या थपडेनं रूपाली भिंतीवर आदळली. दुसरी कुठून आली ते तिला कळलंच नाही.

“कोन आल्ता?” वीरेंद्र दातओठ खात विचारत होता. “दार लावून कोनासोबत व्हती तू?”

“कोनीच नाई. व्यायाम करून राह्यली व्हती मी.”

“मले येडा समजतं का?”

त्यानं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. तिच्या मनगटावरचा पट्टा नाडीचे ठोके मोजायचा, आणि त्या ठोक्यांची लाल रेघ रोज दुपारी उंच चढलेली दिसत होती. बस, एवढाच पुरावा.

वारासिवनीच्या नर्सताईनं तो पट्टा दिला होता. शुगर आहे, घरच्या घरी व्यायाम कर, ठोके वाढले म्हणजे मेहनत अंगी लागली समज, असं तिनं समजावलं होतं. रूपालीकडे साधा फोन, म्हणून पट्टा जोडला नवऱ्याच्या मोबाइलला. इथंच घात झाला. संध्याकाळी तो घरी आला की दिवसभराची रेघ त्याच्या मोबाइलमध्ये उतरायची. आज राइस मिलवर तो ती बघत बसला असताना सोबतच्या मोतीलालनं खांद्यावरून डोकावून म्हटलं, “भाभी का दिल रोज दोपहर में ही काहे धड़कता है, भाई?” सगळी मिल हसली. झालं. वीरेंद्रनं मोटरसायकल काढली ती थेट रामपायलीत, घरासमोर. दाराला आतून कडी होती.

कडी लावायला तरी कुणी सांगितलं होतं? यानंच. अंगणात हातपाय हलवले तर लोक हसतील, घराची अब्रू जाईल म्हणाला होता. अब्रूची एवढी चाड असलेला माणूस आता बायकोला केसांना धरून फरफटत होता.

“उद्यापासून हे नाटक बंद,” म्हणत त्यानं तिचा डावा हात पिरगाळला. खांद्यात कटकन वाजलं.

रूपालीला तिची आई आठवली. शुगरनं आईचा पाय काळा पडला, गोंदियाला गुडघ्यापासून कापला, आणि वर्षभरात ती गेली. रूपालीच्याही तळव्यांना मुंग्या यायच्या. व्यायाम लागल्यापासून कुठे कमी झाल्या होत्या. हे बंद पडलं तर आपलाही पाय त्याच वाटेनं जाणार, या भीतीपुढे तिला मार काहीच वाटेना.

तेवढ्यात सासू आत आली. मैनाबाई न्हाणीत कपडे धूत होती, हातात मोगरी तशीच होती. तिनं ती पोराच्या पाठीत घातली. दुसरा दणका गुडघ्यावर. वीरेंद्र मटकन खाली बसला.

“माय, तू मले मारतं?”

“तुहा बाप मले मारे, त्याले मी मारू शकली नाई, म्हनून तुले मारून राह्यली. हात दे इकडे.”

तिनं त्याचा हात जमिनीला दाबून धरला. रूपालीनं आपला पट्टा काढला आणि एका हातानं, दातांची मदत घेत, त्याच्या मनगटावर आवळला. खाली पडलेल्या मोबाइलवर रेघ सरसर वर गेली, तिच्या रेघेपेक्षाही वर.

“आता सांगा,” फाटलेल्या ओठानं ती म्हणाली, “तुमच्यापाशी कोन आल्ती?”

त्यानं पट्टा ओरबाडून काढला, पाट्यावर आपटून त्याचा चुरा केला. “उद्या करून दाखव, मंग पाहतो तुले,” म्हणत लंगडत बाहेर पडला.

संध्याकाळी मैनाबाईनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं खांदा बसवला, हात झोळीत बांधून दिला.

दुसऱ्या दिवशी वीरेंद्र मिलवर गेलाच नाही, ओट्यावर बसून राहिला. दुपारी रूपालीनं दोन्ही कवाडं सताड उघडली आणि ती अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली. तोंड सुजलेलं, एक डोळा मिटलेला. कुंपणापाशी बाया जमल्या, दोन गडीही थांबले.

“आजच्या दिस राहू दे वो,” मैनाबाई हळूच म्हणाली.

“नाई, माय.” रूपाली कुंपणाकडे वळली. “हासाचं असन तं हासून घ्या.”

कुणी हसलं नाही. वीरेंद्र ओट्यावरून उठला, एक पायरी उतरला. त्याच्याकडे बघतच तिनं उजवा हात डोक्यावर सरळ वर नेला, खाली आणला, आणि परत वर नेला.