शिवणीतली माया

माझ्या दुकानातला टेप मला पुरत नाही. कामरगावातल्या निम्म्या बायांची मापं मी घेते, पण माझ्या स्वतःच्या कमरेशी आलं की टेपची दोन टोकं एकमेकांची तोंडं बघत राहतात. गावात दोन दीपाताई आहेत. एक अंगणवाडीत आहे, आणि दुसरी मी, धम्मदीपा, बसस्टँडमागची टेलर. लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून ते मला 'जाडी दीपाताई' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत एवढी सभ्यता अजून शिल्लक आहे.

मी खादाड नाही, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढचं ऐकताना सगळे मनात तेच म्हणतात. मला आमवात आहे. लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात सकाळी उठलं की बोटं सुजलेली, मनगटं ताठ, अशी सुरुवात झाली. मग ताप, मग अन्न जाईना. अडतीस किलोवर आले होते. कात्री सोडा, पाण्याचा ग्लास धरता येत नव्हता. अमरावतीच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या गोळ्यांनी माझी बोटं मला परत दिली. त्याच्याबरोबर हे अंगही दिलं. मला आधी विचारलं असतं, तरी मी बोटंच मागितली असती.

आता वजन एकशे एकवीस, आणि गुडघे बोलायला लागलेत. कटिंगच्या टेबलाशी मी पाच मिनिटं उभी राहू शकत नाही. गोळ्या आहेत तोवर वजन उतरत नाही, आणि वजन आहे तोवर गुडघ्याला कोणी हात लावत नाही. या गुंत्याचं एकच टोक डॉक्टरांनी दाखवलं, ते म्हणजे जठराचं ऑपरेशन. जठर कापून बारीक करायचं. ते झालं तर मी परत उभ्यानं कापड कापणार होते. नाही झालं तर आधी खुर्ची आणि मग बाज, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझा नवरा संघपाल विजेच्या खात्यात लाइनमन आहे. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "करून टाकू." अडचण होती ती त्याच्या आईची, म्हणजे चंपाबाईंची.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सासरे गेल्यापासून माझ्याबरोबर दुकानात बसतात. हूक लावणं, काजं करणं, साडीला फॉल लावणं ही कामं त्यांची. आल्या तेव्हा त्यांना सुईत दोराही ओवता येत नव्हता. मी त्यांना पहिली गोष्ट शिकवली ती माया. शिवणीच्या आतल्या बाजूला जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आम्ही टेलर लोक माया म्हणतो. बाई अंगानं भरली की शिलाई उसवायची, माया सोडायची, ब्लाउज परत अंगाला येतो. हा शब्द आत्याबाईंना एवढा आवडला की गिऱ्हाइकानं कापड पुढं केलं आणि मी कात्री उचलली की त्या बजावतातच, "माया ठेवजो वो." त्यात आमच्या बोलीत 'माझ्या'लाही 'माया'च म्हणतात. त्यामुळे आत्याबाई 'माया' म्हणाल्या की कापड, जीव की त्या स्वतः, हे आपलं आपण ओळखायचं असतं.

ऑपरेशनचं ऐकून त्यांनी फॉल बाजूला ठेवला.

"दुखते गुडघा अन् कापतेत पोट. हे कोनतं शास्तर हाय?"

"आत्याबाई, वजन उतरलं तं गुडघे वाचतीन."

"अन् तूच उतरून गेली तं?"

"असं काहून बोलता वो?"

"मंग कसं बोलू?" त्या म्हणाल्या आणि फॉल परत हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी तो फॉल उलटा लावला.

ऑपरेशन म्हणजे गेलं, झोपलं आणि झालं, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. आधी तयारी होती. दवाखान्यातल्या आहारवाल्या मॅडमनी समजावलं की लिव्हरवर चरबी साठून ते मोठं झालंय, ते जठरावर येऊन बसतं, दुर्बीण आत घालायला जागा राहत नाही. म्हणून आधी ते आक्रसायला हवं. त्यासाठी फक्त पातळ घ्यायचं. वरणाचं पाणी, साय काढलेलं ताक, भाजीचं गाळलेलं सूप आणि एक पावडर, जिची चव ओल्या भिंतीसारखी होती. शिवाय दुखणं थांबवायच्या गोळ्या बंद, कारण बारीक केलेल्या जठराला त्या सोसत नाहीत. स्टिरॉइड मात्र एकदम सोडायचं नव्हतं, ते डॉक्टरच हळूहळू उतरवणार होते.

"फक्त पातळ," घरी येऊन संघपालनं आईला सांगितलं.

"पातळ तं आपली भाजी असतेच," आत्याबाई म्हणाल्या. आमच्याकडं पातळ भाजी म्हणजे वर बोटभर तेलाची तर्री. ते निस्तरता निस्तरता आमची संध्याकाळ गेली.

स्वयंपाक आत्याबाईंच्याच हातात होता, कारण सकाळी माझ्या हातानं भाकर थापली जात नाही. दुखण्याच्या गोळ्या बंद झाल्यावर तर सकाळी मूठ मिटायलाच वेळ लागायचा. आत्याबाई कोमट पाण्यात फडकं पिळून माझ्या बोटांभोवती गुंडाळायच्या, एकेक बोट हळूहळू चोळायच्या. तोंडानं ऑपरेशनला शिव्या आणि हातानं हे. मी दुपारचा ग्लास दुकानात प्यायची, संध्याकाळचा घरी. समोरच्या गाड्यावर भजी तळली जायची तेव्हा मी मुद्दाम मशीन जोरात चालवायची. एक शेव तोंडात टाकली असेल तर शपथ.

आणि तरी अमरावतीला काट्यावर उभी राहिले तेव्हा वजन जेमतेम पाव किलो उतरलेलं.

आहारवाल्या मॅडम माझ्याहून लहान होत्या. त्यांनी आवाज एकदम मऊ केला. "ताई, खरं सांगा हं, रागावणार नाही. मधेमधे काही खाता का?"

मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण रडूच आलं. सोनोग्राफीत लिव्हर होतं तेवढंच होतं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आणखी एकदा पातळावर राहून बघू, पण यावेळीही असंच राहिलं तर मला हे ऑपरेशन करता येणार नाही, तुमच्या आमवातामुळे आधीच धोका जास्त आहे. आणि पुढच्या वेळी घरात स्वयंपाक कोण करतं, त्यांना बरोबर आणा. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. संघपाल म्हणाला, "चोरून खाल्लं असंन तरी मी काई म्हणणार नाई." त्यानं हे प्रेमानं म्हटलं होतं. मी गाव येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही.

थंडीचे दिवस होते. दोन दिवसांनी दुपारी आत्याबाईंनी वरणाच्या पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक लग्नाचे ब्लाउज घेऊन आलं. गळा असा नको, बाही तशी हवी, यात ग्लास तसाच राहिला. रोज मी तो गरम असतानाच चव न बघता संपवायची, आज निवला होता. गिऱ्हाईक गेल्यावर मी झाकण काढलं. वर पांढरी साय धरली होती. बोट लावलं तर तूप. चमचा तळाशी फिरवला तर वर शेंगदाण्याचं बारीक कूट आलं, पिठासारखं वस्त्रगाळ केलेलं.

आत्याबाई काजं करत बसल्या होत्या.

"आत्याबाई, ह्याच्यात काय टाकलं?"

"काई नाई."

"हे तूप काय आभायातून पडलं?"

त्यांची सुई थांबली नाही. "थोडी माया ठेवली," त्या म्हणाल्या.

मग मात्र माझा तोल गेला. मी काय काय बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. त्या पोरीनं मला चोर ठरवलं, नवऱ्यानं चोर ठरवलं, मी गोळ्यांशिवाय रात्री उशी चावून काढल्या, आणि तुम्ही मला गुपचूप तूप पाजत होता. बाहेर गाड्यावरच्या माणसानं झारा हातात धरून ऐकलं. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सुई कापडात खोचून ठेवली.

"तुले आठोते का," त्या म्हणाल्या, "तू बारीक झालती तवाचं?"

मी झाकण ग्लासावर परत ठेवलं.

"तुले दोन हातावर उचलून न्हानीत नेत होती मी. लेकराएवढी झालती तू. तुये हाडं मले टोचत. रातच्यानं उठून मी तुया नाकापाशी हात धरत होती, श्वास चालू हाय का म्हनून. मंग गोया चालू झाल्या, तू भराले लागली. लोकं म्हनले जाडी झाली. मी म्हनलं जगली. तवापासून मले झोप लागते. अन् आता तू पुन्हा तसंच होवाले निंगाली. तेबी सोताच्या पायानं चालत."

मला रडू आलं आणि रागही अजून गेला नव्हता. दोन्ही एकदम आलं की माणूस फार वाईट दिसतं, म्हणून मी तोंड मशीनकडं केलं. इतकी वर्षं माझ्या अंगाकडं बघून कोणी हसलं, कोणी सल्ले दिले, कोणी च्चच्च केलं. या अंगाकडं बघून कोणाला शांत झोप लागत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तवा तुमी मले उचललं. आता मी पडली तं उचलसान का?"

त्यांनी आपल्या हातांकडं पाहिलं.

"दोघं-तिघं लागतीन," त्या हळूच म्हणाल्या.

"म्हनून करून राह्यली मी. मराले नाई वो. उभं राहाले."

त्यांनी ग्लास उचलला, बाहेर जाऊन नालीत ओतला आणि घरी गेल्या. तासाभरानं दुसरा ग्लास आला. पाणी इतकं नितळ की ग्लासाच्या तळाशी कोरलेला ठिपकासुद्धा दिसत होता. दुकानातलं मलमलीचं अस्तर नेऊन त्यांनी वरण दोनदा गाळलं होतं, तेही मला न विचारता, चांगल्यातलं.

त्यानंतर त्या आहारवाल्या मॅडमपेक्षा कडक झाल्या. शेजारच्या गोजराबाई तिळाचे लाडू घेऊन आल्या, तर त्यांना फाटकातच अडवलं. "आमच्या घरी सध्या कोनी चावत नाई," असं सांगून डबा परत पाठवला. संघपालला पोळी खायची असली की तो ड्यूटीवर खाऊन यायचा. ताकावर साय दिसली तर आत्याबाई गवळ्याशी भांडायच्या, जणू त्यानंच ती मुद्दाम घातली होती. पण माझा ग्लास माझ्यासमोर ठेवला की त्या तोंड फिरवून बसायच्या. मी पीत असताना त्यांना बघवत नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं अमरावतीला गेलो. आत्याबाईंनी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. मी काट्यावर चढले तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सात किलो उतरले होते. आहारवाल्या मॅडमनी माझा हात धरला आणि सॉरी म्हणाल्या. पोरगी चांगली आहे. सोनोग्राफीही मनासारखी आली.

डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून कागदावर जठर काढलं, पखालीसारखं. मग पेनानं त्यावर उभी रेघ ओढली. "एवढा भाग काढून टाकायचा. उरलेल्याची अशी लांबट पिशवी राहते, आणि ही कड आम्ही मशीननं शिवून घेतो."

शिवणीचं नाव निघाल्याबरोबर आत्याबाई पुढं सरकल्या. "डाक्टरबाई, कापसान तं कापा. पन आंदर माया ठेवजा."

डॉक्टरबाई हसल्या. "हो आजी, अगदी मायेनंच करू. काळजी करू नका."

"मायेनं नाई वो," आत्याबाई वैतागल्या. "माया. ठेवाची माया."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगायच्या आधीच आत्याबाईंनी माझा हात ओढला आणि ब्लाउजची बाही उलटी केली. आतल्या बाजूला जुन्या शिलाईच्या भोकांच्या ओळी होत्या, एकीच्या बाहेर एक. दर खेपेला जाड झाले की मी एक शिलाई उसवून पुढं सरकत गेले होते. शेवटची शिलाई कापडाच्या अगदी काठावर होती.

"हे पाहा. हे होती माया, म्हनून हे झंपर एवढे वर्सं पुरलं. नसती तं कवाच फाटलं असतं. कमी झालं, जास्त झालं, तं काई तरी हाताशी पाह्यजे का नाई?"

डॉक्टरबाई बराच वेळ त्या ओळी बघत राहिल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आजी, खोटं सांगत नाही. यात माया ठेवता येत नाही. एकदा कापलं की कापलं, परत जोडता येत नाही. म्हणून तर एवढी तयारी करून घेतली. पुढं तिला एका वेळी वाटीभरसुद्धा जाणार नाही. सांभाळावं लागेल ते सगळं बाहेरूनच."

मला वाटलं, आता ह्या उठतात आणि मला घेऊन चालू लागतात. संघपाललाही तसंच वाटलं असावं, तो खुर्चीच्या काठावर आला होता.

आत्याबाईंनी माझी बाही सरळ केली. काठ नीट बसवला. त्यावरून एकदा अंगठा दाबून फिरवला, शिवून झालेल्या कपड्यावरून फिरवतात तसा.

"बरं मंग," त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या. "आतलं तुमी पाहा. बाह्यरचं मायावर सोडा."