बाकी फक्त गाडी चालवायची

सुलेमान मुकादम एकोणीस वर्षं दुबईत होता आणि त्या एकोणीस वर्षांत त्याने रेतीत एकदाही गाडी घातली नव्हती. हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. पूर्णगडात मात्र सगळे धरून चालले होते की गोऱ्या पाहुण्यांना गाडीत घालून वाळूच्या डोंगरांवरून उडवत नेणारा तो आपला सुलेमानच.

खरी गोष्ट अशी, की वाळवंटाच्या तोंडाशी एक शेड होती आणि हा त्या शेडमध्ये कामाला होता. गाड्या आल्या की रेतीत रुतू नयेत म्हणून चाकांतली हवा कमी करायची, दोर-फावडं तपासायचं, दार आपटून 'जाव' म्हणायचं. गाड्या परतल्या की पुन्हा हवा भरायची. पहिल्याच महिन्यात बायकोने, इशरतने, फोनवर विचारलं, "काम कसलं?" हा म्हणाला, "गाड्यांचं. रेतीतल्या." ती जे समजली ते त्याने खोडलं नाही, आणि पुढे पुढे तर स्वतःच वर तिखटमीठ लावलं. बायकोला मारलेल्या थापेचं एक वाईट असतं, ती नवऱ्याबरोबर घरी परत येते.

परत येऊन पाच वर्षं झाली आणि एका सकाळी दर्शना पावसकर अंगणात उभी राहिली. तिचा नवरा मुंबईला, काजूची बाग ती एकटी बघायची. बाग खाडीच्या पलीकडच्या टोकाला. ओहोटीला उघडी पडणारी वाळूची पट्टी ओलांडली तर दहा मिनिटं, नाहीतर वरच्या कातळाच्या सड्यावरून डोक्यावर पाट्या घेऊन दीड तासाची रखडपट्टी. दोन वर्षं नवऱ्याच्या मागे लागून तिने अखेर पालीच्या एका माणसाकडून चारही चाकांनी ओढणारी जुनी फोर-बाय-फोर घेतली होती.

"चाचा, पयल्यांदा तुमीच काढा रेतीतून," ती म्हणाली. "मी बाजूला बसून शिकते."

"त्यात काय!" इशरत दारातून म्हणाली. "डोळे मिटून नेतील ते."

गाव हसलं असतं तर सुलेमानने सोसलं असतं. पण तो रेतीतल्या गोष्टी सांगायचा तेव्हा इशरत त्याच्याकडे जशी बघायची, तसं तिने बघणं बंद केलं तर? साठीच्या माणसाकडे एवढीच तर मिळकत होती.

"गाडी उचलली नि नेली, असं नसतं गो," तो घसा खाकरून म्हणाला. "तयारी लागते."

आणि तयारी सुरू झाली. ती खरोखर बघण्यासारखी होती. पहिल्या दिवशी त्याने गाडीतलं सगळं सुटं सामान बाहेर काढलं, कोयता, छत्री, तीन शहाळी, प्रसादाचा डबा. गाडी उसळली की हे सगळं टाळक्यात बसतं, म्हणाला. दुसऱ्या दिवशी गाडीखाली उताणा पडून पुढचा-मागचा ओढायचा हूक हलवून बघितला. तिसऱ्या दिवशी दर्शनाला स्टिअरिंग धरायला शिकवलं. "अंगठे आत नाय घालायचे. चाक दगडाला आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं नि अंगठा मोडतो." दर्शना वहीत लिहून घेत होती. हा नुसताच थापाड्या असता तर एक वेळ बरं होतं. पंचाईत ही, की त्याला सगळं येत होतं, एक सोडून.

चौथ्या दिवशी शिकवण्यासारखं संपलं आणि टोलवाटोलवी सुरू झाली.

"जाड दोर पायजे," तो म्हणाला. "तो रत्नागिरीसून मागवायला लागेल."

बाबल्या खारवी ऐकत उभा होता. शाळेपासूनचा दोस्त, स्वतःची होडी असलेला, आणि सुलेमानला आतून-बाहेरून ओळखणारा. पोहायला येतं म्हणून सांगणारा सुल्या पाण्यात कधी कमरेपुढे गेला नव्हता, हे तो अजून विसरला नव्हता. पंधरा मिनिटांत तो मनगटाएवढा नांगराचा दोर घेऊन हजर झाला. फावडं हवं म्हटल्यावर तीन घरांतून तीन आली.

"आनि चाकाखाली घालायला फळ्या," सुलेमान रडकुंडीला येऊन म्हणाला. "त्या हितं कुठं मिळनार?"

"होडी वर ओढताना आमी खाली काय गादी घालतो?" बाबल्याने चार दणकट फळ्या आणून टाकल्या.

सुलेमानचा चेहरा पडला. मग त्याने फळीवरून हात फिरवला आणि चेहरा उजळला. होडी सरसर सरकावी म्हणून त्या फळ्यांना वर्षानुवर्षं माशाचं तेल चोपडलेलं होतं.

"बाबल्या, होडीला घसरायला पायजे, चाकाला धरायला पायजे! याच्यावर गाडी जागच्या जागी नाचेल. घासून काढ."

तेल लाकडात पार मुरलेलं. सोडा आणि काथ्या घेऊन बाबल्या तीन दिवस फळ्या घासत बसला आणि सुलेमानच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. सुलेमानने ते तीन दिवस अगदी सुखात काढले.

रविवारी सकाळी ओहोटी लागली आणि सबबी संपल्या. खाडीकाठच्या वाळूत, पुळणीवर, अर्धं गाव जमलं होतं. इशरत सांदणांचा डबा घेऊन होडीच्या काठावर बसली होती. सुलेमानने चाकांची हवा बत्तिसावरून अठरावर आणली. "पंक्चर केलीन काय?" मागून कोणीतरी विचारलं. त्याने पट्टी पायी चालून बघितली आणि फोर-बाय-फोरचा दांडा रेती लागायच्या आधीच टाकला. मग करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बिस्मिल्ला म्हणून निघाला.

पहिली पन्नास पावलं गाडी लोण्यातून जावी तशी गेली. मग रेती मऊ लागली, स्टिअरिंग जड झालं, आणि घाबरलेल्या प्रत्येक नवशिक्याचा पाय करतो तेच त्याच्या पायाने केलं. अ‍ॅक्सिलरेटर खाली गेला, रेती बघ्यांच्या अंगावर उडाली आणि गाडी पोटापर्यंत रुतून बसली. असल्या पायांना तो शेडमध्ये एकोणीस वर्षं हसत आला होता.

गाव मात्र मनाने मोठं. "हितली रेती ओली, तितली सुकी," एक म्हणाला. "गाडीच खोटी," दुसरा म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

"तुमच्यासारखा मानूस असून रुतली, तर माजी काय कथा?" दर्शना म्हणाली. "उद्या पालीला नेऊन परत देते." ती बॉनेटवर हात ठेवून उभी होती.

सुलेमानला फक्त गप्प राहायचं होतं. कोणी काही विचारलंच नव्हतं. पण त्या पोरीच्या दोन वर्षांच्या हट्टाची वस्तू त्याच्या थापेपायी चालली होती, आणि ते काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"गाडी एक नंबर हाय," तो मोठ्याने म्हणाला. "ड्रायवर खोटा. मी रेतीत कदी गाडी चालवलीच नाय. शेडमधे चाकांत हवा भरायचो."

"एकोनीस वर्षं हवा भरत होतास?" बाबल्याने विचारलं.

"काढायचो पन."

पुळणीवर असा हशा उठला की बगळे उडाले. फक्त इशरत हसली नाही. ती चपला हातात घेऊन रेतीतून चालत आली आणि हशा आपोआप थांबला.

"एकदाबी नाय चालवलीत?"

"नाय गो."

"दर जुमेरातीला फोनवर सांगायचात, उद्या रेतीत जायचं हाय. मी दर जुमेरातीला रोजा धरायची. गाडी उलटू नये म्हनून." तिचा आवाज चढला. "एकोनीस वर्षं! तुमी तितं हवा भरत होतात नि मी हितं उपाशी!"

हे त्याला कधीच ठाऊक नव्हतं. पाच वर्षं एका घरात राहूनही ती बोलली नव्हती. त्याचे डोळे भरून आले, आणि इतक्या लोकांसमोर ते लपवायला जागाही नव्हती.

इशरतने त्याच्याकडे नीट बघून घेतलं. मग गाडीचं दार उघडलं, आत बसली आणि पट्टा ओढला.

"बसा," ती म्हणाली. "एवढे रोजे धरून ठेवलेत, एक तरी कामाला येऊ दे."

सुलेमानने हवा बारावर आणली. चाकांपुढची रेती उपसली, घासलेल्या फळ्या नीट खाली सारल्या. दर्शना वही घेऊन मागे बसली. या खेपेला त्याने पाय हलका ठेवला. चाकांनी फळ्या धरल्या, गाडी कण्हत वर आली आणि पट्टीवरून सावकाश पुढे निघाली. मागे बाबल्या शिट्ट्या मारत होता.

बागेच्या अलीकडे पुन्हा मऊ रेती लागली. इशरतने दाराच्या वरची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"भ्यालीस काय गो?" त्याने विचारलं.

"एकोनीस वर्षं भ्याले," ती म्हणाली. "आज पयल्यांदा बरोबर बसून भितेय. बरं वाटतंय. समोर बगा."