भाऊ म्हणजे भाऊच

"भावोजी, एक ओळ तरी लिहायची होतीत."

आवककाका दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होते. ते तसेच वाकलेले राहिले. थोरला भाऊ जाऊन तीन आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत वहिनी त्यांच्याशी 'पाणी हवं का' आणि 'छत्री आणलीत का' यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"कसली ओळ?"

"त्यांच्या मेलला उत्तर. कामावरून आले की बूट काढायच्या आधी हेच सांगायचे, बारक्याचं काही आलं नाही म्हणून. महिनाभर हेच."

"मला कुठे काय आलं, वहिनी? एकही नाही."

खोटं बोलणाऱ्या पोराकडे आई बघते तसं वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मग "सांभाळून जा" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

घरी बारक्या असलेला हा माणूस ऑफिसात आवककाका होता. बाहेरून आलेलं टपाल नोंदवायचं, शिक्का मारायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. साहेब लोक विनोदाने म्हणायचे, की माणूस हरवला तरी काकांच्या वहीत सापडेल.

त्यामुळे 'मेल आली नाही' हे काका छातीठोकपणे म्हणत होते. शिवाय ती यावी म्हणून दोन वर्षं वाट बघत होते, ते वेगळंच. आई भाऊकडे असायची. ती गेली तेव्हा काका उशिरा पोचले आणि भाऊ चारचौघांत म्हणाला, "आलास का पाहुण्या?" शब्द फार झोंबला, कारण तो खरा होता. पुढे दोनदा फोन झाले, दोन्ही वेळा भांडण झालं आणि फोनही थांबले. थोरला आहे, आधी त्याने लिहावं, असं काकांनी ठरवून टाकलं. रोज सकाळी ते मेल उघडायचे, भाऊचं काही नाही हे बघायचे आणि दिवसभर शिक्के जरा जोरातच मारायचे.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडल्या उघडल्या ते कॉम्प्युटरच्या मॅडमकडे गेले. "बघा हो जरा, माझ्या भावाची मेल कुठे अडकलीय का."

मॅडम त्यांच्या टेबलाशी येऊन बसल्या. दोन-चार ठिकाणी बघितलं. मग म्हणाल्या, "काका, तुमच्या पत्त्यांच्या यादीत भाऊ एकच आहे. पण त्याच्या पोटात पत्ते दोन आहेत."

 काकांना सगळं एकदम आठवलं.

सहा महिन्यांपूर्वी याच मॅडमनी ही सोय करून दिली होती. यादीत ज्याचं नाव, त्याच्या नावाचा फोल्डर. त्याची मेल आली की आपली आपण तिथे जाऊन बसायची. काकांना ते फार आवडलं. जन्मभर हातांनी केलेलं काम यंत्राला जमतंय याचं त्यांना पोराच्या पहिल्या पावलासारखं कौतुक वाटलं. काम चालू असताना यंत्राने विचारलं, की 'भाऊ' हे नाव दोनदा आहे, एक करू का? काका शेजारच्या टेबलावर शिक्के मारत होते. मान वर न करता म्हणाले, "करा, करा. भाऊ म्हणजे भाऊच."

दुसरे भाऊ म्हणजे युनियनचे पुढारी. त्यांना अख्खं ऑफिस भाऊ म्हणायचं. त्यांची बायकोसुद्धा चुकून म्हणायची. हे भाऊ रोज सकाळी तीन फुलं आणि एक सुविचार पाठवायचे, वर दुपारी निष्ठेवर एक परिच्छेद. 'भाऊ' नावाचा फोल्डर म्हणजे यांचाच, असं धरून काकांनी तो कधी उघडलाच नाही. उलट महिनाभरातच मॅडमना म्हणाले होते, "या भाऊंच्या फुलांनी जीव नकोसा केलाय. महिन्याच्या वरचं आपोआप पुसलं जाईल असं करून टाका." मॅडमनी तसं करून टाकलं होतं.

आता तो फोल्डर उघडला. फुलंच फुलं. त्यांच्यामध्ये भाऊची तीन पत्रं निघाली, न उघडलेली. मॅडम उठून गेल्या.

पहिलं पत्र तीस दिवसांपूर्वीचं. 'बारक्या, मागच्या पत्रात विचारलं त्याचं उत्तर घाईने देऊ नकोस. नीट विचार कर. फोनवर आपलं जमत नाही म्हणून लिहितो.'

दुसरं त्यानंतर तीन दिवसांनी. 'पाहुणा म्हटलं त्याबद्दल पहिल्याच पत्रात लिहिलंय, तेच तेच परत लिहीत नाही. छातीचं हिला सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस. विचारलंय त्याचं तेवढं कळव. नाही म्हणालास तरी चालेल, पण म्हण.'

तिसरं भाऊ जायच्या आदल्या दिवशीचं. 'उत्तर नाही, म्हणजे नाही असं समजतो. रागावलो नाही. दुसऱ्या कोणाकडे मागणार, म्हणून तुझ्याकडे मागितलं. तब्येतीला जप. तुझा भाऊ.'

काकांनी तिन्ही पत्रं पुन्हा वाचली. मग मॅडमच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "याच्या आधीची?"

"गेली, काका. तुम्हीच सांगितलं होतंत..."

"हो. मीच."

त्या दिवशी काकांनी एकाही कागदावर शिक्का मारला नाही. भाऊने काय मागितलं असेल? 'हिच्याकडे बघ' म्हणाला असेल. आईची पेटी मागितली असेल. दवाखान्यात सोबत ये म्हणाला असेल. तसं असेल तर... त्यापुढचा विचार काकांना करवेना. नुसतं भेटायलाही बोलावलं असेल. प्रत्येक वेळी काका मनात हो म्हणत आणि लगेच भाऊचा दुसराच प्रश्न ऐकू येई. त्याचा आवाज इतका स्वच्छ ऐकू येई, की दोनदा त्यांनी मागे वळून बघितलं. शब्द मात्र लागत नव्हते.

संध्याकाळी ते वहिनींकडे गेले आणि दारातच सगळं सांगून टाकलं. फुलं, दोन भाऊ, महिन्याने पुसायचं, सगळं. स्वतःला वाचवायला एक शब्दही घातला नाही.

वहिनी उंबऱ्यातच उभ्या होत्या. "म्हणजे काय विचारलं होतं ते तुम्हालाही माहीत नाही?"

"नाही. त्याच्याकडची प्रत असेल ना?"

"ते कंपनीतून लिहायचे. ते गेले त्याच आठवड्यात कंपनीने खातं बंद केलं." त्या भिंतीला टेकल्या. "मी रोज यांच्या फोटोला म्हणत होते, भावोजी आले की त्यांना विचारीन. असं काय मागितलं होतंत बारक्याकडे, जे मला सांगवलं नाही."

"हरवलं, वहिनी," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी ऑफिसात कधी उच्चारला नव्हता. "माझ्या हातून हरवलं."

आता त्या बोलतील, तोडून बोलतील, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि दारातून बाजूला झाल्या.

"जेवून जाणार?"

काका या घरी दोन वर्षांत जेवले नव्हते. "हो."

"वरचा दिवा गेलाय. बदलून द्याल?"

"हो."

"मंगळवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. याल?"

"हो, वहिनी."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथूनही विचारत राहिल्या, साधंच काहीबाही, आणि काका दिव्याखाली खुर्चीवर चढून प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत राहिले. यातला एखादा प्रश्न भाऊचा असेलही. कुठला, ते सांगणारं आता कोणी उरलं नव्हतं.